हजार विड्यांचा दिवस

वाणिज्य शाखेत परिव्ययाचा विषय सुरू झाला की पहिल्या काही तासांतच मजुरीच्या दोन पद्धतींची ओळख करून दिली जाते. एक तासावरची आणि दुसरी नगावरची. तासावरच्या मजुरीत कामगार किती वेळ राबला हे मोजायचे, नगावरच्या मजुरीत त्याने किती माल केला हे मोजायचे. दोन्ही पद्धतींचे फायदेतोटे आपण पाठ करतो आणि परीक्षेत लिहितो. पुस्तकातल्या कामगाराला एक फाटक असते, फाटकाशी घड्याळ असते, हजेरीचा कारकून असतो, आणि काम संपले की तो घरी जातो.

पण ज्याचे घर हाच कारखाना आहे, त्याने काम संपल्यावर कोठे जायचे? त्याचे तास कोणी मोजायचे? कायद्याने ठरवलेले किमान वेतन त्याला मिळाले की नाही, हे कोणत्या वहीवरून ताडून पाहायचे? हे प्रश्न मला पुस्तकाने घातले नाहीत. ते मला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बालाघाटला, माझ्या आजोळी पडले. आपल्या अंकाचे वाचक निपाणी भागातले आहेत, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे आहेत आणि तंबाखूच्या वासात वाढलेले आहेत. म्हणून हा विषय त्यांना परका वाटणार नाही असे मला वाटते.

बालाघाट आणि निपाणी यांचे नाते कोणाला चटकन सुचणार नाही. पण विडी हातात घेऊन पाहावी. तिच्यातला तंबाखू बहुधा आपल्याकडचा किंवा गुजरातेतल्या चरोतरचा, आणि वरचे पान मध्य प्रदेश, छत्तीसगड, विदर्भ यांच्या जंगलांतले. तिकडे त्याला तेंदूपत्ता म्हणतात, मराठीत टेंभुर्णी. माझे वडील तंबाखूच्या वखारीत कारकून. या व्यापाराच्या निमित्ताने वखारीतल्या माणसांचे गोंदियाकडे जाणेयेणे होते, त्यातूनच बालाघाटचे स्थळ आले आणि माझी आई महाराष्ट्र ओलांडून इकडे नांदायला आली. आणखी एक साम्य आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा निपाणी म्हैसूर राज्यात गेली. त्याच दिवशी शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. दोन्ही ठिकाणी घरात मराठी बोलणारी आणि कचेरीत दुसऱ्या भाषेत अर्ज करणारी माणसे राहिली.

कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदिया आणि तिथून दुसऱ्या गाडीने बालाघाट, असा आमचा दर सुट्टीचा प्रवास. वैनगंगेच्या काठचे हे गाव. उन्हाळ्यात जिल्ह्याच्या जंगलात पानतोड सुरू असते. पन्नास पानांची एक गड्डी, हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा, असे त्याचे माप. मध्य प्रदेशात १९६४ च्या कायद्यापासून या पानाचा व्यापार सरकारच्या ताब्यात आहे. पान तोडणाऱ्याचे माप ठरलेले, बोऱ्याचे माप ठरलेले. पुढे विडी वळणाऱ्या बाईपर्यंत पोचल्यावर मात्र मोजमाप फक्त विड्यांचे होते, बाईच्या वेळेचे होत नाही.

माझी मामी गेली पंधरा वर्षे विड्या वळते. पद्धत अशी, की सट्टेदार तिला ठरावीक वजनाची पाने, तंबाखू आणि दोरा देतो. हजार विड्या करून आणायच्या. दर हजारावर. बायका त्याला ‘हजारी’ म्हणतात. सट्टेदार हा मोठ्या कंपनीचा मध्यस्थ. त्यालाही हजारामागे दलाली मिळते आणि त्याच्यावरही माल वेळेत पोचवण्याचे ओझे असते. तो काही राक्षस नव्हे. पण मामीला कंपनीचा माणूस कधी दिसत नाही. तिच्या दृष्टीने मालक म्हणजे सट्टेदार, आणि सट्टेदाराच्या दृष्टीने मालक म्हणजे कंपनी. कंपनीच्या वहीत कोण आहे, हे पुढे सांगते.

काम पाहिले तेव्हा माझ्या लक्षात आले की ‘विडी वळणे’ हा शब्दच अपुरा आहे. वळणे हा त्यातला एक भाग. आदल्या रात्री पाने ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी ती निवडायची, फाटकी बाजूला काढायची, पत्र्याचे माप पानावर ठेवून कात्रीने कातरायची. मग मांडीवर सूप घेऊन बसायचे. पान, त्यावर चिमूटभर तंबाखू, बोटांचा एक पीळ, दोऱ्याचे दोन वेढे, तोंड मिटवायचे, पुढची विडी. हात इतके चालतात की डोळ्याला दिसत नाही. शेवटी पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचे आणि सुपात ठेवून सट्टेदाराकडे न्यायचे. तिथे रांग, तपासणी, छाट, नोंद, दुसऱ्या दिवसाची पाने. या मधल्या फटींत स्वयंपाक, पाणी, आजीचे औषध.

मी एक साधी गोष्ट केली. शंभर पानी वही घेतली आणि चौदा दिवस घड्याळ लावून लिहीत बसले. मामी हसली. म्हणाली, “तुले का करायचं आहे हे लिहून? बिडी मोजतेत, बाई, टाइम कोनी नाही मोजत.” मी म्हटले, “म्हणूनच लिहिते, मामी.”

चौदा दिवसांत दोन रविवार सट्टेदाराकडे काम बंद. उरलेल्या बारा दिवसांची सरासरी अशी निघाली. पाने निवडणे आणि कातरणे, अडीच तास. वळणे आणि तोंड मिटवणे, साडेसहा तास. कट्टे बांधणे, अर्धा तास. सट्टेदाराकडे जाणे, रांगेत थांबणे आणि परत येणे, एक तास. एकूण साडेदहा तास. या साडेदहांत पाऊण तास आजीचा होता. तिला आता वळवत नाही, पण ती तोंडे मिटवून देते. सव्वा तास माझ्या मामेबहिणीचा होता. ती या वर्षी दहावी पास झाली. म्हणजे एका बाईच्या नावावर लिहिलेल्या हजार विड्यांमागे तिघींचा दिवस होता.

आता हिशोब करू. किमान वेतनाचा दर ठरवताना कोणीतरी कोठेतरी असे धरलेले असते की एक साधारण कामगार आठ तासांच्या दिवसात इतका माल करतो. समजा, हजार विड्या म्हणजे एक दिवस असे धरून हजारीचा दर शंभर ठरला. खरा दर वेगळा आहे, शंभर हा आकडा मी केवळ सोयीसाठी घेते. काम आठ तासांत झाले तर मजुरी पूर्ण. पण लागले साडेदहा तास. मग आठ तासांच्या दिवसाला पडले शहात्तर.

पुढे छाट आली. बारा दिवसांत मामीने बारा हजार विड्या दिल्या. त्यांपैकी आठशे चाळीस, म्हणजे शेकडा सात, खराब म्हणून बाजूला काढल्या गेल्या. त्यांचे पैसे नाहीत, आणि त्या विड्याही परत मिळाल्या नाहीत. शंभराचे त्र्याण्णव झाले. शिवाय दिलेली पाने हजाराला पुरत नव्हती. फाटकी पाने वजनात धरलेली, पण विडीत चालत नाहीत. म्हणून मामी बाजारातून पदरचे पैसे घालून पाने आणते. तो खर्च शंभराला सहा पडला. उरले सत्त्याऐंशी, तेही साडेदहा तासांचे. आठ तासांना किती? सहासष्ट. कागदावर किमान वेतन, हातात त्याचे दोन तृतीयांश. आणि यात कोणीही उघडपणे दर मोडलेला नाही! हजारीचा दर सट्टेदाराने बरोबरच दिला होता. चोरी झाली ती वेळेची, आणि वेळ कोणत्याच वहीत नव्हता.

मी हे आकडे घेऊन मामीबरोबर सट्टेदाराकडे गेले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच वाक्य बोलला, “घर का काम है, बाई, इसमें टाइम कैसा?”

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. मराठीत ‘घरकाम’ म्हटले की धुणीभांडी, केरवारे, स्वयंपाक. कन्नडातही ‘मने केलस’ म्हटले की तेच. जे काम घरात होते ते बाईचे, ते बिनमोलाचे, त्याला तास नसतात, असे आपल्या दोन्ही भाषांनी धरून ठेवले आहे. म्हणून कंपनीचे काम उंबरा ओलांडून आत आले की तेही घरकाम होते. मामी स्वतःसुद्धा “दिवसभर घरीच असतो” असेच सांगते. पान दुसऱ्याचे, तंबाखू दुसऱ्याचा, माप दुसऱ्याचे, नफा दुसऱ्याचा, फक्त जागा आणि वीज आपली, तरी काम मात्र ‘घरचे’!

कायद्याने हा प्रश्न पाहिलाच नाही असे नाही. किंबहुना विडीच्या धंद्याने भारतीय न्यायालयांना जितके विचार करायला लावले तितके फार थोड्या धंद्यांनी लावले असेल, आणि त्यातले गाजलेले खटले जुन्या मध्य प्रांतातलेच आहेत. ‘चिंतामण राव’ खटल्यात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदाराला स्वतंत्र ठेकेदार मानले, कारखान्याचा कामगार नव्हे. १९६१ साली नागपूरच्या ‘बिरधीचंद शर्मा’ खटल्यात प्रश्न आला तो कारखान्यात बसून विड्या वळणाऱ्यांचा. ते वाटेल तेव्हा येत, वाटेल तेव्हा जात, मजुरी हजारावर घेत. तरी न्यायालयाने त्यांना कामगार मानले. एक कारण असे, की खराब विड्या नाकारण्याचा हक्क मालकाकडे होता. घरी बसून वळणाऱ्या बायका मात्र कारखाना कायद्याच्या बाहेरच राहिल्या.

त्यांना कायद्यात जागा मिळाली ती १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने. मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी विड्या करणारी व्यक्ती ही कर्मचारीच आहे, असे त्याने व्याख्येत लिहिले. भरपगारी रजा आणि बाळंतपणाचा लाभ तिलाही दिला. कारखानदार न्यायालयात गेले आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. त्या निकालात आपल्या दोन्ही राज्यांचे नियम आले आहेत. महाराष्ट्र आणि म्हैसूरच्या नियमांप्रमाणे साधारणपणे शेकडा पाचांहून अधिक विड्या छाटता येत नव्हत्या, आणि कामगाराने जाणूनबुजून हयगय केलेली नसेल तर छाटलेल्या विड्यांचीही निम्मी मजुरी द्यावी लागे. १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. १९७७ साली भविष्य निर्वाह निधी विडी धंद्याला लागू झाला. घरी काम करणाऱ्यांना तो लागू नाही असे मालकांनी म्हटले, तेव्हा १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तो त्यांनाही लागू आहे. कारण पुन्हा तेच. माल नाकारण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे, देखरेख त्याचीच आहे. मला हा विचार फार सुंदर वाटतो. छाट काढणारा हात हाच मालकीचा पुरावा!

पण या सगळ्यात तासांचे काय झाले? १९६६ च्या कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती, जादा कामाला दुप्पट मजुरी होती. मात्र ती कलमे ‘औद्योगिक जागेत’ काम करणाऱ्यांसाठी लिहिलेली. घर ही औद्योगिक जागा नव्हे. म्हणजे घरातली बाई कर्मचारी ठरली, पण तिचा दिवस मोजणारे घड्याळ कारखान्याच्या भिंतीवरच राहिले. आमच्या वहीप्रमाणे मामीच्या घरात आठवड्याला त्रेसष्ट तास कंपनीचे काम झाले. त्याची नोंद फक्त त्या शंभर पानी वहीत आहे.

आता हे जुने कायदे राहिलेले नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९४८ चा किमान वेतन कायदा वेतन संहितेत आणि १९६६ चा विडी कायदा व्यवसाय सुरक्षेच्या संहितेत विलीन झाला. नव्या वेतन संहितेत तीन गोष्टी आपल्या विषयाला महत्त्वाच्या आहेत. मालकाने कर्मचाऱ्याला वेतनचिठ्ठी द्यायची. कमी मजुरीची तक्रार करायला पूर्वी किमान वेतन कायद्यात सहा महिने होते, ते आता तीन वर्षे झाले. आणि मजुरी पूर्ण दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. हे तिन्ही बदल चांगले आहेत. पण वाणिज्याच्या विद्यार्थ्याने विचारावे असा प्रश्न उरतोच. वेतनचिठ्ठीवर कोणाचे नाव लिहिणार?

कारण कंपनीच्या वहीत माझी मामी नाही. तिथे माझी आजी आहे. ओळखपत्र आजीचे, निधीचा क्रमांक आजीचा, रोजच्या हजार विड्यांची नोंदही आजीच्या नावावर. आजीची बोटे थांबली तेव्हा काम सुनेकडे आले, नाव बदलायचे मात्र राहून गेले. मामीने दोनदा विचारले, दोनदा “पुढच्या महिन्यात” असे उत्तर मिळाले. पंधरा वर्षे झाली. यंदा मामेबहिणीला अकरावीला घालायचे ठरले. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. पण त्यासाठी आई किंवा वडील विडी कामगार असावे लागतात आणि निदान सहा महिन्यांच्या कामाचा पुरावा लागतो. आजीचे कार्ड नातीला चालत नाही. मामा हमाली करतो. ज्या मुलीने शाळेतून येऊन रोज सव्वा तास पाने कातरली, ती कागदोपत्री कोणत्याही विडी कामगाराची मुलगी नाही! नोंद नसणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. खतावणीत खातेच उघडलेले नाही, तर शिल्लक कोठून निघणार?

मग तक्रार का करत नाहीत, असे कोणी विचारील. मी मामाला विचारले. तो म्हणाला, “बोललो तर काम दुसऱ्या गावाले जाईल.” ही भीती खोटी नाही. १९६८ साली केरळात विडी कायद्याची अंमलबजावणी होणार असे दिसताच मंगळूरच्या कारखानदारांनी कण्णूर भागातले काम बंद केले आणि सुमारे बारा हजार कामगार एकदम रस्त्यावर आले. त्यांतूनच १९६९ साली केरळ दिनेश बीडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली, हा भाग अभिमानाचा. पण प्रत्येक गावाला दिनेश बीडी मिळत नाही. यंत्र हलवायला खर्च येतो. सूप आणि कात्री तर बाईचीच असते, कंपनीला फक्त पानांचे पोते दुसऱ्या दारात टाकायचे असते. त्यात किमान वेतनाचे दर प्रत्येक राज्याचे वेगळे. त्याच हजार विड्यांना बालाघाटात एक भाव, गोंदियात दुसरा आणि निपाणीत तिसरा. जिथे स्वस्त तिथे पोते जाणार. म्हणून तासांचा आणि दराचा प्रश्न एका गावाने सुटणारा नाही.

दुसरी अडचण एकत्र येण्याची. आपल्या निपाणीत तंबाखूच्या वखारीतल्या बायकांनी संघटना उभी केली, संप केले आणि त्यांच्यावर १९८२ साली दीपा धनराज यांनी ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट काढला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या बायका एकाच छपराखाली, एकाच धुळीत बसत होत्या. शेजारणीच्या हातात किती पैसे पडले हे त्यांना दिसत होते. घरी काम करणारी बाई आपल्या ओसरीवर एकटी असते. तिची भेट होते ती सट्टेदाराच्या रांगेत, आणि तिथे प्रत्येकीला घाई असते ती आपल्या कट्ट्यांची.

जगात इतर ठिकाणी हा हिशोब कसा ठेवतात ते शोधले, तेव्हा दोन उपाय मला पटले. इंग्लंडमध्ये २००४ सालापासून नगावर काम करणाऱ्यांसाठी अशी रीत आहे. मालकाने आधी कामगारांची चाचणी घ्यायची आणि एका तासात सरासरी किती नग होतात ते काढायचे. त्या आकड्याला १.२ ने भागायचे, म्हणजे संथ हातालाही अन्याय होत नाही. मग तासाचे किमान वेतन त्या संख्येने भागले की नगाचा दर मिळाला. समजा, सरासरी १२० नग झाले तर हिशोबाला १०० धरायचे. दर आधी आणि तास नंतर, असे तिथे चालत नाही. तासातूनच दर काढावा लागतो. दुसरा उपाय अमेरिकेचा. तिथे १९३८ च्या कायद्याखाली घरी काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराला मालकाने एक नोंदवही द्यायची असते. तीत दिलेला माल, परत आलेला माल, तास आणि मजुरी लिहायची. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरी केल्या जाणाऱ्या कामाविषयी करार क्रमांक १७७ मंजूर केला. घरी काम करणाऱ्याला इतर मजुरांसारखीच वागणूक मिळावी, हे त्याचे सूत्र. त्या करारासाठी आपल्या अहमदाबादच्या ‘सेवा’ संस्थेने मोठी खटपट केली, तरी भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

वाचकहो, हा प्रश्न केवळ सुपाचा आणि कात्रीचा आहे असे समजू नका. माझा एक चुलतभाऊ पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. २०२० च्या टाळेबंदीपासून तो बरेच दिवस घरूनच काम करतो. त्याने यंत्र कधी उघडले, कधी मिटले, हे कंपनीला मिनिटामिनिटाने समजते. तरी रात्री दहाला आलेला निरोप आणि त्यानंतरचा दीड तास पगारात धरला जात नाही. एकाचे घड्याळ मालकाकडे आहे, दुसरीकडे घड्याळच नाही. पण दोघांच्याही घराचा उंबरा पुसला गेला आहे. मामीने हा प्रश्न साऱ्या पुण्याच्या आधी पन्नास वर्षे सोसला असता, तर तिच्या सासूने तो सोसला आहे असे म्हणावे लागेल. घरून काम ही नवी गोष्ट आहे असे जे म्हणतात, त्यांनी एकदा बालाघाटच्या ओसरीवर येऊन बसावे.

कोणी म्हणेल, विडी ही आरोग्याला घातकच, तो धंदा बुडाला तर बरेच की. विडी वाईट, यात शंका नाही. मामीलाही तंबाखूच्या धुळीने खोकला आहे. पण धंदा उद्या बुडायचा असेल तर कालचे आणि आजचे तास फुकट जावेत असा अर्थ त्यातून निघत नाही. उलट, ज्यांना पुढे दुसरे काम शोधायचे आहे त्यांच्या नावावर निधी जमा असणे अधिकच गरजेचे.

मग करावे काय? मोठे कायदे मोठ्या माणसांनी करावेत. आपल्या हातात वही आहे. कन्नडात हिशोबाला ‘लेक्क’ म्हणतात, आणि लेक्क ठेवणे हीच आपली विद्या. प्रत्येक विडी कामगार बाईच्या घरी एक वही असावी. तारीख, मिळालेली पाने आणि तंबाखू, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, कोणकोण बसले, किती विड्या दिल्या, किती छाटल्या, किती पैसे मिळाले, एवढे आठ रकाने. कंपनीच्या वहीसमोर ठेवायला दुसरी वही असली तरच ताळा जुळतो किंवा जुळत नाही हे सांगता येते. मालकाने पुरावा द्यावा असे नवा कायदा म्हणतो. तो पुरावा तपासायला समोरच्या बाजूलाही काही लिहिलेले असावे लागते. आपल्या महाविद्यालयातल्या वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीतले चौदा दिवस आपापल्या गल्लीत दिले, तर निपाणीत हजार विड्यांना खरोखर किती तास लागतात, हे प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली आपणच काढू शकू. दर ठरवणाऱ्या समितीपुढे ठेवायला त्याहून चांगला कागद कोणता?

माझी वही मी बालाघाटलाच ठेवून आले. आता ती मामेबहीण लिहिते. पहिल्या पानावर तिने वहीचे नाव घातले आहे. आजीचे नव्हे, आपल्या आईचे. सहा महिने भरायला अजून दोन उरले आहेत. त्या नोंदीवर कामगार कचेरी काय म्हणेल ते पुढे दिसेल. पण पंधरा वर्षांत प्रथमच मामीच्या कामाला तिचे नाव आणि तिची वेळ लागली आहे, आणि यापुढे ती कोणत्याही सट्टेदाराला विचारू शकेल की हजार विड्यांचा दिवस किती तासांचा असतो.